यादीतला जुना चरखा

मित्रांनो, मी एक जुना चरखा आहे आणि स्वभावाने जळकुटा आहे. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकली, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगायला बसल्या की आपण किती झिजलो आणि किती सोसलं तेच सांगतात. झिजलो मीही आहे. पण खरं सांगायचं तर मी सोसलं कमी आणि जळलो जास्त.

सध्या माझा मुक्काम दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आहे. एका बाजूने एसीची गार हवा येते आणि दुसऱ्या बाजूने बाल्कनीच्या काचेतून ऊन. लाकडाला दोन्ही वाईट. घर ओल्गाचं आहे. म्हणजे भाड्याच्या करारावर नाव तिच्या नवऱ्याचं, डेव्हिडचं. पण कुठली वस्तू कुठे ठेवली आहे हे विचाराल तर घर ओल्गाचं. दोघं मूळचे वसईचे. त्यांची मुलगी सँड्रा दहा वर्षांची आहे, ती इथेच जन्मली.

घरी येणारे पाहुणे माझ्या बाबतीत नेमाने एकच चूक करतात. त्यांना मी खादीचा चरखा वाटतो. समिधा नावाची शेजारीण तर मला पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला उचलूनच घेऊन गेली. मला तिरंगी फीत बांधली, झेंडूचा हार घातला आणि लोकांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. ओल्गा सांगत होती, "अगं समिधा, हा अमेरिकन आहे!" त्यावर समिधा म्हणाली, "चलता है गं, कोणाला कळतंय? चरखा तो चरखा." मला हार आवडला होता, म्हणून मी गप्प राहिलो. शिवाय तिचं फार चुकलं होतं असंही नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे तेव्हा इंग्रजांचंच राज्य होतं. नदीकाठच्या एका गावातल्या सुताराने मला घडवलं. ओकचा पाट, मेपलचं चाक, खाली पायाने हलवायची फळी. मी कापूस कातत नाही. जवसाच्या देठांतून निघणाऱ्या तंतूंचं सूत मी कातायचो, ज्याचं लिननचं कापड होतं. एका बापाने लेकीच्या लग्नात द्यायला मला करून घेतलं होतं. त्या लेकीचं नाव थँकफुल, म्हणजे कृतज्ञ. तिकडे तेव्हा मुलींना अशी नावं ठेवत.

थँकफुल एकोणीस वर्षांची होती. बैलगाडीत बसून सासरी जाताना तिने मला घट्ट धरून ठेवलं होतं. ते धरणं मी आजवर विसरलेलो नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने लोखंडी सळई तापवली आणि माझ्या पाटाच्या कडेवर आपल्या नावाची दोन अक्षरं डागली. त्यात वाईट हेतू काही नव्हता. गाईगुरांच्या कानावर खूण करतात, तशी त्याने घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर केली. पुढे एकदा घरात कोणी नसताना थँकफुलने मला उलटं केलं आणि पाटाच्या खालच्या बाजूला खिळ्याने आपलं नाव कोरलं. तिला वाचता येत होतं, पण लिहायला कोणी शिकवलं नव्हतं, कारण मुलींना वाचन पुरे असं तेव्हा मानत. बायबलमधली अक्षरं पाहून पाहून तिने ती कोरली आणि ती सगळी वाकडी आली.

मित्रांनो, त्या बाईचा दिवस सांगू? गाईचं दूध, लोणी, चरबीचा साबण, चरबीच्या मेणबत्त्या, भाकरीची भट्टी, नऊ बाळंतपणं. त्यातली सहा मुलं जगली. आणि या सगळ्यातून हात मोकळे झाले की मी. ती बसायची म्हणजे माझ्यापाशीच बसायची. त्यामुळे तिचं बसणं सगळं माझं, असं मी धरून चाललो होतो. पाळण्यातलं मूल रडून तिला उठवायचं तेव्हा मला त्या मुलाचा राग यायचा. माझी खोड तेव्हापासूनची आहे.

त्या घरात डायना नावाची एक काळी बाईही कातायची. तिला विकत आणलं होतं. थँकफुलपेक्षा बारीक आणि सारखं सूत ती काढायची. तिने माझ्यावर कधी काही कोरलं नाही.

मग माझे मानाचे दिवस आले. इंग्रजांनी बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवला आणि लोकांनी त्यांचं कापड घ्यायचं बंद केलं. गावच्या बायका आपापले चरखे घेऊन पाद्रीबाबांच्या घरी जमल्या आणि दिवसभर ईर्षेने सूत काढत बसल्या. रस्त्यावरचे पुरुष थांबून टोप्या काढत होते. घरचं कापड अंगावर घालणं ही अभिमानाची गोष्ट झाली. म्हणून म्हटलं, समिधाचं फार चुकलं नव्हतं. इंग्रज जाऊन स्वतःचं राज्य आलं तेव्हा मात्र मत द्यायला त्या टोप्या काढणाऱ्या पुरुषांनाच बोलावलं. सूत काढणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

थँकफुलचा नवरा तापाने गेला. देणी फेडायची, वाटण्या करायच्या, म्हणून दोन गृहस्थ कागद-दौत घेऊन घरातल्या वस्तूंची यादी करायला आले. एक गाय. तीन खुर्च्या. एक तांब्याची कढई. एक काळी बाई, डायना. पुढे काही ताटल्या, आणि मग 'एक जुना चरखा'. थँकफुल पुढे येऊन म्हणाली, हा माझ्या वडिलांनी मला दिला आहे. त्यांतला एक गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाला, ते खरं बाई, पण लग्न झाल्यावर तो तुमच्या यजमानांचा झाला.

माझा लिलाव झाला. थँकफुल सुताच्या लडी घेऊन आली आणि त्या देऊन तिने मला परत घेतलं. त्या लडी नवरा गेल्यानंतर माझ्यावरच कातलेल्या होत्या. मी किती फुशारलो म्हणून सांगू! मला वाटलं, हिचा माझ्यावर केवढा जीव! ती मला उचलून घरी नेत होती तेव्हा तिचे हात थरथरत होते, तेही मी प्रेमच समजलो. डायना धाकट्या मुलाच्या वाटणीला गेली. तिच्याकडे द्यायला लडी नव्हत्या. तिने कातलेलं सगळं आधीपासून दुसऱ्यांचंच होतं. ती दारातून बाहेर पडताना माझ्या चाकाला हात लावून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त माझा लिलाव होता.

पुढचं जरा भराभर सांगतो, कारण ते सांगताना माझा जळफळाट होतो. थँकफुलची पणती सोळाव्या वर्षी मला सोडून नदीकाठच्या कापडगिरणीत गेली. तिथे एकेका दालनात शेकडो चात्या फिरतात असं ऐकून माझी दोरी सैल पडली. गिरणीत तेरा-तेरा तास घंटेवर चालायचं, खोकला व्हायचा, मालकाने पगार कापला म्हणून पोरींनी काम बंद पाडलं. हे सगळं ऐकून मला बरं वाटायचं. आता येईल परत, असं वाटायचं. ती सुट्टीत आली ती स्वतःच्या पैशाने घेतलेली टोपी घालून, आणि माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला माळ्यावर टाकलं.

माळ्यावर दीडशेच्या वर वर्षं काढली. खालून आवाज यायचे. शिलाई मशीनचा आवाज आला, मी जळलो. टाइपरायटरचा आला, मी जळलो. एकदा एक म्हातारी जिना चढून वर आली, छातीवरची पिवळी फीत काढली आणि माझ्या चाकाला बांधली. बायकांना मताचा हक्क मिळाला होता. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मला मात्र एवढंच दिसलं, की फीत बांधून ती पुन्हा खाली निघून गेली. डायनाच्या पुढच्या पिढ्यांतल्या बायकांना बऱ्याच ठिकाणी तो हक्क कागदावरच मिळाला, प्रत्यक्षात मत टाकायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं भांडावं लागलं. महायुद्धात घरातल्या पोरी पँट घालून विमानाच्या कारखान्यात गेल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांना सांगितलं, आता घरी जा. तेव्हा मला आशा वाटली. पण घरी आल्या त्या वॉशिंग मशीनपाशी. तिच्याशी तर मी कधीच बोललो नसतो.

शेवटी माळ्यावरून मला खाली आणलं ते घराण्यातल्या एका प्राध्यापक बाईंनी. त्यांच्या आईला चाळिशी उलटेपर्यंत बँकेचं कार्ड नवऱ्याच्या सहीशिवाय मिळालं नव्हतं, आणि या लेकीला नोकरीने थेट दुबईत आणलं. त्यांनी मला कंटेनरमधून सोबत आणलं आणि दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये दिवाणखान्यात उभं केलं, शोभेला. खाली रिसेप्शनवर अर्धा दिवस काम करायला ओल्गा यायची. एकदा ती पार्सल द्यायला वर आली, मला पाहून थबकली आणि न विचारताच तिने पाय फळीवर ठेवला. जवळजवळ दोनशे वर्षांत कोणी असा पाय ठेवला नव्हता. मी फिरलो. बाई म्हणाल्या, दुबई सोडून जाताना हा तुलाच देते. आणि खरोखर दिला, जुन्या कागदांच्या एका प्लास्टिकच्या फाइलसकट.

त्यानंतरचं एक वर्ष माझं सुखाचं गेलं. डेव्हिड फुजैराला, बंदरावर जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत होता आणि सुट्टीलाच घरी यायचा. ओल्गा व्हिडिओ बघून कातायला शिकली. तिच्या आईने वसईच्या चर्चमधल्या वेदीसाठी क्रोशाची झालर विणली होती, तशी झालर स्वतःच्या सुताची करायची, असं तिच्या मनात होतं. रोज संध्याकाळी चहा झाला की ती माझ्यापाशी बसायची. मला पुन्हा वाटू लागलं, हिचं बसणं माझं.

मग डेव्हिडची कंपनी बंद पडली. डेव्हिडचा व्हिसा गेला, आणि ओल्गा व सँड्रा त्याच्याच व्हिसावर, म्हणजे त्यांचाही गेल्यातच जमा. देशात राहायला मोजके दिवस उरले. त्याच आठवड्यात मरीनातल्या एका हॉटेलने ओल्गाला पूर्ण वेळाची नोकरी देऊ केली, फ्रंट ऑफिस सुपरवायझरची. हॉटेल तिचा व्हिसा काढणार होतं, आणि तिच्या पगारात ती नवऱ्याची आणि मुलीची स्पॉन्सर होऊ शकत होती, म्हणजे ते दोघं तिच्या व्हिसावर राहू शकत होते.

"म्हणजे मी बायकोच्या व्हिसावर बसू?" डेव्हिड म्हणाला. "माझ्या आयडीवर स्पॉन्सर म्हणून तुझं नाव? वसईत कळलं तर तोंड दाखवता येणार नाही. त्यापेक्षा गावी जाऊ. घर आहे आपलं. तू बस आरामात कातत."

"आणि सँड्राची शाळा? वर्षाच्या मध्येच?" ओल्गा म्हणाली. "बारा वर्षं मी तुझ्या व्हिसावर होते, डेव्हिड. मला कोणी विचारलं का, लाज वाटते का म्हणून?"

मी पूर्णपणे डेव्हिडच्या बाजूने होतो. वसईचा ओटा, ओल्गाचा पाय, दिवसभर सूत. मला तर स्वर्ग दिसत होता. त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी बसली तेव्हा मी मुद्दाम दोरी घसरू दिली आणि सूत तटकन तुटलं. डेव्हिड म्हणाला, "बघ, तो पण नको म्हणतोय." मी मनातल्या मनात खूश झालो. ओल्गाने सूत जोडलं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलला होकार कळवला.

तिचा व्हिसा झाला. आता डेव्हिडचे आणि सँड्राचे कागद करायचे होते. "मी करून येतो," डेव्हिड म्हणाला. इथे असे अर्ज टायपिंग सेंटरमध्ये भरून घेतात. दर दोन वर्षांनी तो रफिक नावाच्या माणसाकडे जाऊन घरच्यांचे अर्ज भरून आणायचा. या वेळीही गेला आणि परत आला. चार दिवसांनी फोनवर मेसेज आला, अर्ज नामंजूर. ओल्गाने कागद मागितला आणि माझ्या पाटावर ठेवून वाचला. स्पॉन्सरच्या जागी डेव्हिडचं नाव होतं. पत्नी, ओल्गा. व्यवसाय, गृहिणी.

"जुनाच फॉर्म काढला रफिकने," डेव्हिड म्हणाला. मग म्हणाला, "मीच सांगितलं नाही त्याला. लाइनमध्ये आपल्याकडचे दोघंतिघं उभे होते. जीभच उचलली नाही."

ओल्गा ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "नऊ दिवस राहिले, डेव्हिड. तुला घालायचं नसेल माझं नाव तर नको घालू. पण मग सँड्राला तूच सांग." आणि कामाला निघून गेली. गळ्यात हॉटेलचं आयकार्ड होतं. त्या आयकार्डावर मी जेवढा जळलो, तेवढा आजवर कशावरच जळलो नसेन. नऊ दिवस काय, मी तासही मोजत होतो.

सँड्रा अमेरिकन शाळेत शिकते. तिला नेमका तेव्हाच प्रोजेक्ट होता, अमेरिकेतल्या बायकांचं आयुष्य पूर्वी कसं होतं आणि आता कसं आहे. घरात मी आयता होतो. शनिवारी दुपारी ओल्गा ड्यूटीवर असताना तिने बापाला बोलावलं, त्याने मला उलटं धरलं आणि तिने मोबाइलचा टॉर्च मारला.

"डॅडी, लुक! देअर इज अ नेम." ती एकेक अक्षर वाचू लागली. मग ती फाइल तिने उघडली. आत त्या यादीची प्रत होती, आणि बापाने मला लेकीच्या लग्नात दिल्याची प्राध्यापक बाईंची टीप. गाय, खुर्च्या, कढई. डायनाच्या नावापाशी ती थांबली. "शी इज ऑन द लिस्ट? लाइक अ चेअर?" यादीत खाली मी होतो, आणि माझ्यापुढे लिहिलं होतं, विधवेने विकत घेतला, सुताच्या बदल्यात.

"बट डॅडी, द व्हील वॉज हर्स. हर डॅड गेव्ह इट. व्हाय डिड शी हॅव टू बाय इट?"

डेव्हिड म्हणाला, "तेव्हा कागदावर नवऱ्याचंच नाव असायचं, बाळा."

"दॅट इज सो मीन," सँड्रा म्हणाली आणि वहीत लिहू लागली.

डेव्हिड मला तसाच उलटा धरून बसला होता. त्याचा अंगठा त्या वाकड्या अक्षरांवर होता. आणि मित्रांनो, एका पोरीने साधा प्रश्न विचारला तेव्हा इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थँकफुलचे हात थरथरत होते ते माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे. अपमानाने. आपलीच वस्तू आपल्याच कष्टाने भर लिलावात परत घ्यावी लागली, त्या अपमानाने. आणि मी त्यावर इतकी वर्षं मिरवलो. डायनाने जाताना माझ्या चाकाला हात का लावला होता, हे तर मी कधी विचारलंच नव्हतं. त्या बायका माझ्यापाशी बसायच्या, कारण त्यांना दुसरीकडे बसायला जागाच ठेवली नव्हती. मला त्या दिवशी माझीच शरम वाटली.

सोमवारी ओल्गाची सुट्टी होती. ती आणि डेव्हिड सकाळी बरोबर बाहेर पडले आणि जेवायच्या वेळेला परत आले. डेव्हिडच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि थोडं ओशाळलेपणही.

"मम्मीला सांग ना काय झालं ते," ओल्गा हसत म्हणाली. फोनवर वसईहून तिची आई होती.

"काय होणार, मम्मी!" डेव्हिड म्हणाला. "रफिकने विचारलं, 'स्पॉन्सर कौन, हबीबी?' मी म्हटलं, 'मॅडम.' मला वाटलं, सगळं सेंटर वळून बघणार. त्याने स्क्रीनवरून मान पण वर केली नाही. म्हणाला, 'यल्ला, चलो, मॅडम का पासपोर्ट दो.' बस. खलास. एवढ्यासाठी मी चार दिवस घालवले."

मंजुरी आली तेव्हा तीन दिवस शिल्लक होते. ओल्गाने कागद पुन्हा माझ्याच पाटावर ठेवला. स्पॉन्सरच्या जागी तिचं नाव होतं. मग डेव्हिडने बारीक स्क्रूड्रायव्हर आणला, मला उलटं केलं आणि तिच्या हातात दिला. "मी धरतो," तो म्हणाला, "तू कोर." थँकफुलच्या वाकड्या नावाखाली ओल्गाने आपलं नाव कोरलं. सँड्रा टॉर्च धरून उभी होती. मग तिने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि खाली आणखी एक नाव कोरलं, डायना.

आता ओल्गाला वेळ होत नाही. झालर अर्धीच राहिली आहे. सुट्टीच्या दिवशी ती दहा मिनिटं बसते, कधी तेवढीही नाही. मी सुधारलो आहे असं मी म्हणणार नाही. सकाळी ती लिफ्टकडे पळते तेव्हा मला अजून वाईट वाटतं, आणि तिच्या आयकार्डावर मी अजूनही जळतो. पण ती बसते तेव्हा आता मी दोरी घसरू देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ पुसा, तिला तेल घाला, हे माझे भाऊबंद तुम्हाला सांगतीलच. मी दुसरं मागतो. तुमच्या घरातली वस्तू एकदा उलटी करून बघा. ती कोणाच्या हाताने झिजली आहे ते बघा, आणि कागदावर नाव कोणाचं आहे तेही बघा. दोन्ही जुळत नसतील तर घरच्यांना विचारा, सँड्राने विचारलं तसं, मोठ्याने.

रोज संध्याकाळी ओल्गा घरी येते आणि ते आयकार्ड गळ्यातून काढून माझ्या चातीला अडकवते. त्यावर तिचं नाव आहे, फक्त तिचं. मला ते मुळीच आवडत नाही, पण सकाळपर्यंत मी ते सांभाळून ठेवतो.